डायनॅमो कोमट होता

तिसऱ्या सोमवारीही तेच.
गिअरची दांडी स्टार्टवर ढकलली
आणि फर्ग्युसनने घशात एकदा 'टक्' केलं.
बस्स. पुढे फक्त वारा, पत्र्यावर.

वेस्ट्रे बेटावर डिसेंबरात
उजेड नऊला येतो नि सव्वातीनला उठून जातो,
कंटाळलेल्या पाहुण्यासारखा.
तेवढ्यात मेंढ्यांना सलगम पोचवायचे असतात.
मेंढ्यांना बॅटरीची सबब चालत नाही.

मी म्हटलं, एर्लेंड.
शेजारच्या गार्थचा, अकरा वर्षांचा.
शाळा सुटली की माझ्या शेडमध्ये घुसायचा,
सीटवर बसून तोंडानेच इंजिन चालवायचा,
दिव्याचं बटण वर-खाली, वर-खाली.
त्याच्या आईदेखत म्हटलं,
दिवा चालू ठेवून जातो हा,
याच्यापायी माझी जनावरं उपाशी.
तो काही बोलला नाही. कान तेवढे लाल झाले.
त्या दिवसापासून शेडला कुलूप.
आणि कुलूप असून, चौथ्या सोमवारी, टक्.

मग टर्मिनलांकडे वळले.
आम्लाची वाफ नि समुद्राची खार
शिशावर फुलं आणतात दोघं मिळून,
हिरवट पांढरी, भुसभुशीत.
सुंदर म्हणायला जावं तर बोटं चुरचुरतात.
या जुन्या जातीत धन टोक अर्थला जोडलेलं,
सगळ्या जगाच्या उलट.
मेरन, तुझ्यासारखंच, असं सिगर्ड म्हणायचा.
आधी ती पट्टी सोडवली.
किटलीतलं पाणी, मूठभर खायचा सोडा,
बराच वेळ नुसती फसफस.
तारेच्या ब्रशने शिसं चकाकेपर्यंत घासलं,
पट्टीखालचा रंग खरवडला
बोडक्या लोखंडापर्यंत,
वर व्हॅसलीन, ओठांना लावते तेच.
रात्रभर चार्जरवर.
मंगळवारी सुरू झाला. मी जिंकले.
गुरुवारपर्यंत.

गुरुवारी हातमोजे विसरले, म्हणून कळलं.
इंजिन बर्फ. बॉनेट बर्फ.
डायनॅमोवर तळवा पडला, तर
कोमट.
गाय नुकती उठून गेल्यावर
तिच्याखालचं गवत असतं, तेवढा.
दोन दिवस कुणी शिवलं नव्हतं याला.
मग रात्रभर जागं कोण होतं?

बॅटरी नि तारेच्या मध्ये छोटासा बल्ब अडकवला.
सगळी बटणं बंद. तरी तो पेटला,
मंद, पकडला गेल्यासारखा.
दिव्याची वायर काढली. पेटलेलाच.
तिथेच थांबायला हवं होतं मी.
माझे कान लाल व्हायची वेळ तीच होती.
पण थंडी होती, आणि उत्सुकता.
कॉइलची काढली. पेटलेलाच.
डायनॅमोच्या पेटीची काढली.
विझला.

पेटीत दोन कॉन्टॅक्ट, मसुराच्या डाळीएवढे.
इंजिन थांबलं की त्यांनी एकमेकांना सोडायचं,
एवढंच त्यांचं काम.
कधीतरी एका ठिणगीत चिकटून बसले,
आणि दिवसा भरलेलं सगळं
रात्री आल्या वाटेने परत जात राहिलं,
न फिरणाऱ्या यंत्राला ऊब देत.
मला हे ओळखीचं वाटलं. ते असो.

चोर बाहेरचा नव्हताच.
सुळावर मात्र एक पोर चढलं होतं.

पातळ कानशीने कॉन्टॅक्ट सुटे केले.
शनिवारी शेडचं कुलूप काढून ठेवलं.
कुणी आलं नाही. रविवारीही नाही.

सोमवारी फर्ग्युसन पहिल्याच झटक्यात उठला.
वाट वाकडी करून गार्थच्या दाराशी नेला,
सलगमांसकट. मागे मेंढ्यांची बोंब.
एर्लेंडच्या आईने पडदा सरकवला,
पुन्हा ओढून घेतला.
माफी मागायचा सराव आमच्याकडे कुणालाच नाही.
दार किलकिलं झालं तेव्हा मी म्हटलं,
कटआउटचे कॉन्टॅक्ट नीट घासायला
बारीक बोटं लागतात.

तो उंबऱ्यातच उभा.
'त्याला इंजिन बंद करावं लागेल.'
कर की, म्हटलं.
'आणि परत सुरू नाही झालं तर?'
त्याने विचारलं,
एक बूट पायात, एक हातात.